पावसातलं रॉटरडॅम आणि बारा हजार रुपये

रात्री साडेदहाला ओटा आवरून झाला की मी ट्रक काढते. म्हणजे कॉम्प्युटरवरचा ट्रक चालवायचा खेळ, युरो ट्रक सिम्युलेटर २. दिवसभर लॅबमध्ये नळ्या, सेंट्रिफ्यूज आणि "मॅडम, रिपोर्ट कधी मिळेल?" झाल्यावर रॉटरडॅमहून माल भरायचा, कुठल्यातरी जर्मन गावाला निघायचं आणि दीड तास कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. माझ्या बहिणीला हे वेड वाटतं. तिच्या मुलाला तर नुसता कंटाळा वाटतो. तो दर रविवारी डोंबिवलीला माझ्याकडे येतो तो व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन खेळ खेळायला, कारण त्यांच्या घरातल्या लॅपटॉपवर बहिणीचा पासवर्ड आहे.

माझ्या कॉम्प्युटरचं मशीन २०१४ सालचं. पहिल्या नोकरीच्या दिवाळी बोनसमधून असेंबल करून घेतलेलं. आयफाइव्ह-४५९० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, रॅमच्या चार-चार जीबीच्या दोन डीडीआर३ पट्ट्या आणि पडद्यावरचं चित्र रंगवणारं ग्राफिक्स कार्ड, जीटीएक्स ७५० टीआय, दोन जीबीचं. तेव्हा हे कार्ड म्हणजे गरिबांचा कल्पवृक्ष होतं. ६० वॉट खायचं, वेगळी पॉवर केबल मागायचं नाही. अकरा वर्षांत मी त्याचा पंखा दोनदा साफ केला आणि चिप थंड ठेवणारी पेस्ट एकदा बदलली, एवढीच त्याची सेवा.

मग २०२५ चा ऑक्टोबर आला. १४ तारखेला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्याच महिन्यात या कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानं मॅक्सवेल आणि पास्कल या दोन पिढ्यांच्या कार्डांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढणं थांबवलं. सुरक्षेपुरते अपडेट २०२८ पर्यंत येत राहतील, पण बाकी राम म्हणा. माझं ७५० टीआय मॅक्सवेलच. अशानं कार्ड काही त्या दिवशी बंद पडत नाही, तरी मनात पाल चुकचुकलीच. विंडोज ११ माझ्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, म्हणून विंडोज १० चं एका वर्षाचं वाढीव अपडेट नोंदवून टाकलं. कार्डाचं काय, हा प्रश्न राहिला. दिवाळीचा बोनस हातात होता आणि त्यातले बारा हजार या डब्यासाठी, असं मी स्वतःशी ठरवलं. पंधरा नाही, बारा. माझं मला माहीत आहे, दुकानात गेल्यावर माझा कसा तोल जातो ते.

भाच्यानं लगेच उत्तर आणलं. "मावशी, आरएक्स ६५०० एक्सटी घे. मी सात व्हिडिओ बघितलेत."

सात! मी अ‍ॅडमिशनच्या वेळी त्याच्यासाठी एवढी कॉलेजं बघितली नव्हती.

पण लॅबमध्ये पंधरा वर्षं काढल्यावर एक सवय लागते. नमुना तपासल्याशिवाय कुणाला काय झालंय हे बोलायचं नाही. म्हणून आधी आफ्टरबर्नर नावाचा प्रोग्रॅम लावला. स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्ड किती टक्के राबतंय, प्रोसेसरचा कुठला कोअर (आतला कामगार) किती, रॅम किती भरली, सेकंदाला फ्रेम, म्हणजे चित्रं, किती, हे सगळं तो दाखवतो. फुकट आहे. दोन संध्याकाळी वही घेऊन बसले.

ट्रकमध्ये, रात्री, पावसात, शहराच्या आत: कार्ड ९९ टक्के, प्रोसेसरला घाम नाही, फ्रेम २८. वायपर फिरतोय आणि आरशात मागची गाडी टुणूक टुणूक उड्या मारत येतेय. ट्रकच्या गेममध्ये आरसा म्हणजे तेच जग दुसऱ्यांदा रंगवणं. आरसे बंद केले की फ्रेम वाढतात, पण मग मागे न बघता ट्रेलर लावायचा, आणि ते मला खोट्यातही जमत नाही.

व्हॅलोरंटमध्ये, भाच्याच्या हातात: कार्ड ४५ ते ५० टक्के. प्रोसेसरचे चारही कोअर शंभराला टेकलेले. फ्रेम एरवी नव्वदच्या आसपास, धुराच्या गोळ्यांत आणि मारामारीत पन्नासवर आपटणाऱ्या. रॅम आठातली सव्वासात भरलेली.

म्हणजे एकाच डब्यात दोन वेगळे पेशंट. माझ्या ट्रकला कार्ड हवं होतं. त्याच्या व्हॅलोरंटला कार्डाचं काही देणंघेणं नव्हतं. जे कार्ड अर्धा वेळ रिकामं बसलंय त्याच्या जागी दुप्पट ताकदीचं आणलं तर ते पाव वेळ काम करेल आणि उरलेला वेळ बसून राहील. मी त्याला वही दाखवली. तो म्हणाला, "तुझं मोजायला चुकलं असेल." पोटॅशियम जास्त आलं की पेशंटचे नातेवाईक अगदी हेच म्हणतात.

पोटॅशियमचा विषय निघालाच आहे तर सांगते. रक्त काढताना पेशी फुटल्या की मशीन पोटॅशियम जास्तच दाखवतं. मशीनची चूक नसते, पण तो आकडा पेशंटच्या अंगातला नसतो. भाच्याच्या सातही व्हिडिओंचं तसंच होतं. आकडे खरे, फक्त ते त्या माणसाच्या नव्याकोऱ्या मशीनचे. आणि ६५०० एक्सटीच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. का ते जरा सविस्तर सांगते, कारण जुन्या मशीनवाले सगळ्यात जास्त इथेच फसतात.

कार्ड आणि बोर्ड यांच्यामध्ये जो रस्ता असतो त्याला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. रस्त्याला लेन असतात: सोळा, आठ, चार. आणि रस्त्याची पिढी असते. प्रत्येक पिढीत एका लेनवरून जाणारा माल साधारण दुप्पट होतो. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं ६५०० एक्सटी चौथ्या पिढीचं कार्ड आहे, पण लेन मात्र चारच. दिसायला स्लॉट भरून पूर्ण लांबीचं बसतं, सोन्याच्या पट्ट्या बघितल्या तर चार लेनपुरतीच जोडणी. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्या चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी माल जातो. तिसऱ्या पिढीवर सुमारे ४. आणि माझा बोर्ड एच८१. माझा प्रोसेसर तिसऱ्या पिढीच्या रस्त्यावर चालू शकतो, पण हा चिपसेट स्वस्तातला, तो कार्डाच्या स्लॉटला दुसऱ्या पिढीवरच अडवून ठेवतो. तिथे चार लेन म्हणजे सेकंदाला २ जीबी. आठ पदरी रस्ता सोडून गावातल्या फाटकाशी उभं राहायचं.

कार्डाची स्वतःची मेमरी पुरत असेल तोवर हा रस्ता फारसा जाणवत नाही. ६५०० एक्सटीला बहुतेक ४ जीबीच असते. ती भरली की कार्ड बोर्डावरच्या रॅममधून टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) ओढायला लागतं, आणि मग त्या फाटकावर रांग लागते. खेळ चालतो चालतो आणि मध्येच गचका खातो. याचंच धाकटं भावंड आरएक्स ६४००, त्यालाही चारच लेन. ते पॉवर केबल मागत नाही म्हणून जुन्या मशीनसाठी लोक सुचवतात, आणि नेमकं जुन्या मशीनलाच ते सर्वांत वाईट बसतं. हा विरोधाभास दुकानदाराला सांगितला तर तो तुमच्याकडे तुम्ही भाव पाडायला आलात अशा नजरेनं बघतो.

आपला रस्ता कुठला हे जीपीयू-झेड नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये दिसतं. त्यात बस इंटरफेस अशी ओळ असते. कार्ड निवांत असताना ती १.१ वगैरे दाखवते, घाबरायचं नाही. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून कार्डाला कामाला लावायचं आणि मग वाचायचं. माझ्याकडे आलं: सोळा लेन, २.०. अकरा वर्षं मला हे माहीत नव्हतं आणि काही अडलंही नव्हतं.

दुसरी तपासणी एसएमपीएसची, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची. कॅबिनेटसोबत फुकट आलेला, अंगावर मोठ्या अक्षरांत ४५०. बाजूचं झाकण काढून टॉर्च मारला. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात ते याच १२ व्होल्टच्या ताटातून, तेव्हा ४५० हा आकडा लग्नपत्रिकेवरच्या डिग्रीसारखा समजायचा. त्यात अकरा पावसाळे खाल्लेले कपॅसिटर. प्रोसेसरचे ८४ वॉट आणि ७५ वॉटचं कार्ड धरून गाडं ओढलं गेलं असतं कदाचित, पण मला रात्री साडेअकराला एकटीला जळका वास घ्यायचा नव्हता. म्हणून पहिली खरेदी ही ठरली. भाच्याला हे अजिबात पटलं नाही, कारण एसएमपीएसनं एकही फ्रेम वाढत नाही.

बुधवारी माझी सुट्टी. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं, तोंडात कुणाच्याच नसतं. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. पहिल्या दुकानात, "मॅडम, बेटे के लिए?" दुसऱ्या दुकानात, "हसबंड को क्या चाहिए?" तिसऱ्या दुकानात मी आधीच म्हणाले, "मेरे लिए, ट्रक चलाती हूँ." त्या माणसानं निमूटपणे माल काढला. ८० प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला खरा ४५० वॉट, १२ व्होल्टवर ३६ अँपिअर, ३,३०० रुपये, पक्क्या बिलासकट. हातात घेतला आणि वजनातच फरक कळला. जुना म्हणजे रिकामा खोका होता.

तिथेच कार्डांचीही चौकशी केली. नवं घ्यायचं तर माझ्या मशीनला शोभणारं एकच होतं, आरटीएक्स ३०५०, सहा जीबीवालं, २०२४ च्या फेब्रुवारीत आलेलं. ७० वॉट, वेगळी केबल नको, मेमरी सहा जीबी असल्यामुळे त्या फाटकावर रांग कमी, लेन आठ. मला सांगितलेला भाव साडेसतरा हजार. इथे मी खरंच अर्धा तास एका टपरीवर चहा पीत घुटमळले. तीन वर्षांची वॉरंटी. उद्या मशीन बदललं तर कार्ड तिकडेही जाईल. हा युक्तिवाद चुकीचा नाही, आणि तुमचं बजेट वीस असेल तर हेच घ्या असं मी सांगेन. पण माझं उरलं होतं ८,७००. शिवाय ज्या मशीनचं सगळं मिळून भंगारात पाच हजार येणार नाहीत त्याला साडेसतरा हजारांचं कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

मग सेकंडहँड. जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर चार दिवस काढले आणि बरंच शिकले.

आरएक्स ५८०, आठ जीबी, ढिगानं मिळतं. स्वस्त. पण १८५ वॉट, आणि यातली कितीतरी कार्डं इथेरियम या आभासी चलनाच्या खाणीत, म्हणजे मायनिंगमध्ये, रात्रंदिवस राबलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं कार्डांवरचं मायनिंगच बंद केलं तेव्हा हा सगळा माल बाजारात ओतला गेला. वर त्यात एक '२०४८ एसपी' नावाचा प्रकार असतो, तो नावानं ५८० आणि पोटात ५७०. खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात. १६६० सुपर मला मनातून आवडलं होतं, सहा जीबी आणि भरपूर रुंद मेमरी, पण ती रुंद मेमरी मायनिंगवाल्यांनाही आवडायची. जीटीएक्स १०६० आणि १०५० टीआय पास्कलच्या, म्हणजे ज्या कारणासाठी जुनं सोडतेय तेच पैसे देऊन परत घ्यायचं.

एकानं १०५० टीआय अडीच हजाराला देऊ केलं. फोटोत मागे मॉनिटरची केबल लावायचा जुना, निळा व्हीजीए पोर्ट. इथे मी हसले. १० मालिकेपासून एनव्हिडियानं कार्डातून व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल काढून टाकलाय. मग १०५० टीआयला व्हीजीए आला कुठून? खूप जुन्या चिपवर खोटं बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) चढवून नवीन नाव दिलेलं असतं. विंडोजसुद्धा ते नाव खरं मानतं. जीपीयू-झेड मात्र नावापुढे सरळ 'फेक' असं छापतं. मी त्या विक्रेत्याला विचारलं, "जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट पाठवता का?" त्यानं मला ब्लॉक केलं. उत्तर मिळालं.

राहिलं जीटीएक्स १६५०. एप्रिल २०१९ चं, पास्कलनंतरच्या ट्युरिंग पिढीचं, म्हणून ड्रायव्हर चालू. सोळा लेन, म्हणजे माझ्या दुसऱ्या पिढीच्या रस्त्यावरही सेकंदाला ८ जीबी. ७५ वॉट. मेमरी चारच जीबी, ही उणीव आहेच, पण त्या उणिवेचा एक फायदा कुणी सांगत नाही. २०२० च्या अखेरीस इथेरियमच्या मायनिंगला लागणारी फाइल चार जीबीच्या पुढे गेली आणि चार जीबीची कार्डं त्या धंद्यातून बाद झाली. त्यानंतर विकलेलं १६५० बहुतेक घरातच नांदलेलं असतं. यातही दोन जाती आहेत. सुरुवातीचं जीडीडीआर५ मेमरीचं, १२८ जीबी सेकंदाला; २०२० मध्ये त्याच नावानं आलेलं जीडीडीआर६ चं, १९२. डब्यावर मोठ्या अक्षरांत दोन्ही १६५०च. नंतरचं शोधायचं.

आणि माझा मॉनिटर! तो मी हिशेबात धरायचाच विसरले होते. वीस इंची, १६०० बाय ९००. सगळे व्हिडिओ १९२० बाय १०८० वर मोजतात. माझ्या पडद्यावर त्याहून तीस टक्के कमी ठिपके रंगवायचेत. लहान मॉनिटरची मला अकरा वर्षं लाज वाटत होती, त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे प्रेमानं बघितलं.

ठाण्याला एका मुलाकडे जीडीडीआर६ वालं सापडलं. ऑगस्ट २०२१ चं बिल. तेव्हा कार्डांची टंचाई होती, त्यानं एकवीस हजार मोजले होते आणि आता सात हजारांना देताना त्याचा चेहरा मला बघवेना. तरी दोनशे कमी केलेच. त्याच्या मशीनवर वीस मिनिटं चालवून बघितलं, तापमान ६७ वर थांबलं, पंखा कुरकुरत नव्हता, जीपीयू-झेडचे आकडे जुळले, स्क्रूवर पेचकसाच्या खुणा नव्हत्या. त्याच्या आईनं पोहे केले. वॉरंटी संपलेली, ती जोखीम मी डोळे उघडे ठेवून घेतली. ६,८००.

उरलेल्या पैशांतून आठ-आठच्या दोन जुन्या डीडीआर३ पट्ट्या, १,५००. त्या दिवसांत नव्या रॅमचे भाव आभाळाला भिडायला लागले होते, आणि जुन्या डीडीआर३ कडे कुणी बघत नव्हतं. एच८१ ला दोनच स्लॉट आणि कमाल सोळा जीबी, तेव्हा याच्यापुढे जायचा रस्ता आपोआप बंद. एकूण ११,६००. चारशेत पेस्ट आणि वडापाव.

जोडायला एक तास. चालू केलं, पंखे फिरले, पडदा काळा. पट्ट्या काढून परत बसवल्या. कार्ड काढून परत बसवलं. एसएमपीएसवाल्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. भाचा शेजारी उभा राहून "६५०० एक्सटी घेतलं असतं तर" असं काहीतरी म्हणत होता. पंधरा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मधले दोन दिवस बोर्डाच्या व्हीजीएवर काम चालवलं होतं आणि मॉनिटर अजून तिथेच आशेनं बघत बसलाय. सोर्सचं बटण दाबलं. एचडीएमआयवरून डीव्हीआयला जाणारी साधी केबल, वेगळा कन्व्हर्टर लागला नाही.

तीच वही, तेच रॉटरडॅम, तोच पाऊस. फ्रेम ५४ ते ५८, सेटिंग एक पायरी वर, आरसे पूर्ण. मागची गाडी आता गुळगुळीत येते आणि तिच्या दिव्यांचा ओल्या रस्त्यावर पडलेला उजेडही दिसतो. मी त्या रात्री माल न भरताच शहरातून तीन फेऱ्या मारल्या.

व्हॅलोरंटमध्ये नव्वद. होय, तेच नव्वद. पन्नासवर आपटायचं ते सोळा जीबीमुळे आता सत्तरवर थांबतं, तेवढीच सुधारणा. भाचा पडद्याकडे बघत राहिला, मग वहीकडे बघितलं, मग म्हणाला, "मग याला आयसेव्हन-४७७० लागेल." त्यानं आठवा व्हिडिओ बघितला असावा. हा मुद्दा मात्र बरोबर आहे. त्याच सॉकेटचा, कोअर चारच पण थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आठ. मी सांगितलं, बारावीचा निकाल लागू दे.

७५० टीआय फोटो काढून अ‍ॅपवर टाकलं, पंधराशे रुपये, जीपीयू-झेडच्या स्क्रीनशॉटसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबला जाताना गाडीत मेसेज आला, उल्हासनगरचा कुणी मुलगा. "ताई, माझा पीसी कंपनीचा जुना आहे, एसएमपीएस २४० वॉटचा. हे चालेल का?"

मी लिहिलं, "झाकण उघड आणि स्टिकरचा फोटो पाठव."